एकट्यांची फळी

माझी बायको सुमन मंगळवारी गेली. तेराव्यापर्यंतचं दिवसकार्य आटोपलं, मुलगी तिच्या घरी परतली आणि त्यानंतरच्या रविवारी मी आमच्या नेहमीच्या खानावळीत गेलो. कितीतरी वर्षं रविवारचं जेवण आम्ही तिथेच, खिडकीजवळच्या टेबलावर समोरासमोर बसून जेवत आलो. तिला ताक आवडत नसे. वाढून झालं की ती न बोलता आपली वाटी माझ्याकडे सरकवायची.

खानावळ आता मालकाचा मुलगा बघतो. मी खिडकीकडे वळलो तेवढ्यात त्याने हाक मारली, "काका, किती जण?"

"एक."

"मग इकडे या." भिंतीला एक लांब फळी ठोकली होती, तिच्यासमोर उंच स्टुलं. "एकटं माणूस आलं की अख्खं टेबल अडायचं हो. आता बघा, बाहेर कुणी ताटकळत नाही. काकू कुठे, गावाला गेल्यात?"

मी हो म्हणालो.

त्याचं काही चुकत नाही. दारातली गर्दी खरोखरच गेली आहे. रिकामी खुर्ची म्हणजे नुकसान, हे त्याला कुणीतरी शिकवलं असेल. मला शिकवावं लागलं नाही. पण कुणी त्या खुर्चीसमोर बसायलाच आलेलं असतं, हे कुठल्याच व्यवस्थेत बसत नाही.

अजूनही रविवारी मी तिथेच जातो. ताट गरम असतं, लगेच येतं, आणि मी ते लवकर संपवतो.