फाटकाकडे जाणाऱ्या कुंड्या

माझी आई कुंभवलीजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. मी बोईसरला एका लहानशा ऑफिसात संगणकावरचे गेम बनवते. आमच्या दोघींच्या कामांचा एकमेकांशी कधी संबंध येईल, असं वाटलं नव्हतं. पण त्याच कारखान्याचं काम आमच्याकडे आलं. धोक्याचा भोंगा वाजला तर कामगारांनी कुठून बाहेर पडायचं, हे त्यांना गेममधून शिकवायचं होतं. पडद्यावर चालत चालत फाटकाबाहेरच्या मैदानात पोचलं की झालं.

सुरक्षा विभागाच्या साहेबांनी मला आत फिरवून फोटो काढू दिले. मी सगळं हुबेहूब उभं केलं. निळी पिंपं, पिवळे कठडे, डोक्यावरून जाणारे पाइप. पॅकिंगच्या शेडपासून फाटकापर्यंत रस्त्याच्या कडेनं गेरूनं रंगवलेल्या कुंड्या आहेत, सदाफुलीच्या. मी एक कुंडी बनवली आणि तिच्याच नकला ओळीनं मांडत गेले. ऑफिसातल्या संगणकावर गेम झकास चालला.

कारखान्यातला संगणक मात्र जुना निघाला. पाऊल टाकलं की चित्र थांबायचं आणि मग एकदम पुढे उडी मारायचं. पहिल्याच दिवशी पॅकिंगच्या बायकांना बसवलं होतं. "दीदी, ये तो अटक गया," म्हणून एक जण हसली. तिच्यानंतरच्या बाईला गरगरायला लागलं, तिनं टेबलावर डोकं टेकलं. मग आई बसली. गेममधला भोंगा वाजत राहिला, चित्र हलेना. आई माऊस सोडून उभीच राहिली.

साहेब मला म्हणाले, "सोमवारी परत बघू. नाही जमलं तर व्हिडिओ दाखवून मोकळे होऊ आम्ही."

घरी येताना रिक्षात आईनं हळूच विचारलं, "मला जमलं नाय तर कामावरून काढतील का गं?"

"नाही गं आई. ती परीक्षा नाहीये."

"मग साहेब लिवून कशाला घेत होते?"

रात्री मी गेममधल्या सगळ्या वस्तूंची यादी करत बसले.

दुसऱ्या दिवशी मी गेममधली शोभेची वाटणारी प्रत्येक गोष्ट काढून टाकली. पहिल्यांदा कुंड्या. ऑफिसातला तसाच एक जुना लॅपटॉप घरी आणला आणि आईला समोर बसवलं. आता चित्र बरंच सरळ चालत होतं. आई शेडमधून बाहेर आली, थबकली आणि डावीकडे वळून थेट पिंपांच्या गोदामाकडे निघाली.

"आई, उजवीकडे!"

"कुंड्या कुठं हायत?"

"काढल्या. त्यांच्यामुळे अडखळत होतं."

"मग मी वळू कशी? आमी रोज कुंड्यांच्या कडेनं जातो."

भिंतीवर बाणांच्या पाट्या आहेत, त्या मी नीट लावल्या होत्या. पण धावपळीत आई पाट्या वाचत बसणार नव्हती. मी तिला चुकीची वाट शिकवत होते.

ऑफिसातल्या ताईंना सगळं सांगितलं. त्या माझ्याहून जुन्या. म्हणाल्या, "कुंड्या काढू नकोस, जोड. प्रत्येक कुंडी वेगळी असली की ती पडद्यावर रेखाटायला संगणकाला दरवेळी वेगळं सांगावं लागतं. त्यातच तो दमतो. सगळ्या मिळून एक वस्तू केलीस की एकदाच सांगायचं."

मी उत्साहानं अख्ख्या कारखान्यातल्या कुंड्या परत आणून एकत्र जोडल्या. तरी काही ठिकाणी अडखळणं राहिलंच. समोर एखादीच कुंडी दिसत असली तरी संगणक पार मागच्या बाजूच्या कुंड्याही रेखाटत बसायचा. मग पुन्हा सोडवल्या आणि रस्त्याच्या एकेका तुकड्यातल्या तेवढ्याच जोडल्या. कठड्यांचं तसंच केलं, पिंपांचंही. आता गेम पाण्यासारखा चालायला लागला.

मी खुशीत फाटकापर्यंत चालत गेले. फाटक उघडेना.

फाटकही पिवळं, कठडेही पिवळे. जोडताना मी फाटकही कठड्यांत धरलं होतं, आणि आता ते भिंतीसारखं घट्ट झालं होतं. गेमच तो, पण मागे भोंगा वाजत होता आणि मी बंद फाटकासमोर उभी होते. फाटक सोडवलं. मग प्रत्येक दार, प्रत्येक वाट स्वतः चालून पाहिली. पाहून झालं तरी खात्री वाटेना, म्हणून पुन्हा चालले. अजून कुठे काही चिकटून राहिलं असेल का, एवढंच डोक्यात.

सोमवारी आईचा नंबर आला तेव्हा मी खुर्चीमागे उभी राहिले. तिचे ओठ हलत होते. कुंड्यांच्या कडेकडेनं ती सावकाश गेली, फाटक उघडलं, मैदानात पोचली. हसली वगैरे नाही. साहेबांकडे वळून म्हणाली, "आता उठू?"

"उठा, झालं तुमचं."

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तुझी सदाफुली लय हिरवी हाय. खऱ्या कुंडीत निम्मी सुकलीय."

साहेबांना काम आवडलं. आता दुसऱ्या शेडचाही गेम करायला दिलाय. ऑफिसात पेढे वाटले, मीही खाल्ला. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. आधी आई कामाला जायची म्हणजे कुठेतरी आत जायची, एवढंच मला माहीत होतं. आता ती कुठल्या टेबलाशी बसते, तिच्या पाठीमागे काय साठवलेलं आहे आणि तिथून मैदान किती लांब आहे, ते सगळं मला पाठ आहे. सकाळी ती डबा पिशवीत टाकते आणि म्हणते, "येते गं." मी मान हलवते, आणि मनातल्या मनात तिच्या आधी चालत फाटकाबाहेर जाऊन उभी राहते.