पूजा झालेला मीटर काढणारे जाधवसाहेब

जाधवसाहेबांची आणि माझी पहिली भेट म्हणजे झडतीच. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. यवतमाळजवळच्या आमच्या कारखान्यात सरकीच्या तेलात हायड्रोजन गॅस सोडून वनस्पती तूप होई. मी गॅसघरात नवा ऑपरेटर. थावरूजी जाधव म्हणजे पुसदकडच्या तांड्यातून शिकून आलेले आमचे इंजिनिअर. त्यांनी माझ्या खिशातली काडेपेटी काढून घेतली आणि म्हणाले, "इथं बिडी पेटवली तं तुह्यासंगं मीबी जाईन, बाबू."

त्या दसऱ्याला गॅसचा नवा मीटर आला. पाहुण्यांना तबकडी दिसावी म्हणून शेठजींनी तो दाराशी, नळीच्या वळणाला लागूनच बसवायला लावला. हार, हळदकुंकू, नारळ, सगळं थाटात झालं. मग मीटर भलताच गॅस दाखवू लागला, तूप मात्र पहिल्याइतकंच. शेठजींच्या मते माझ्या हलगर्जीने गॅस गळत होता. "उद्यापासून येऊ नको, वामन," एवढंच ते बोलले. घरात कमावता मी एकटा. पदरात लहान लेकरं.

साहेबांनी हे ऐकताच काम थांबवलं, नळीतला गॅस काढून टाकला आणि हारासकट मीटर खोलून खाली ठेवला. पूजा झालेला मीटर! शेठजी ओरडले, "काहून काढला? मले विचारलं काय?"

"वळणावर पाटाचं पानी गरगरते नं, तसाच हा गॅस. त्याले सरळ धावाले जागा पाह्यजे, तवा मीटर खरं सांगते. तुमी दाराशी म्हनले, पन नाई म्हनाचं काम माह्यं होतं. चूक माही हाय. काढाचं तं मले काढा, वामनले नोका काढू."

मजुरांसमोर एक इंजिनिअर असं बोलतो! माझा कानांवर विश्वास बसेना. मग मीटर मागच्या भिंतीवरच्या सरळ नळीत बसला. मीटरच्या आधी लांबलचक सरळ नळी, नंतर थोडी, आणि अंगावरचा बाण गॅसच्या दिशेने, हे साहेबांनी मला तेव्हाच शिकवलं. आकडा तुपाशी जुळला.

माझी नोकरी राहिली. आणि शेठजींनी साहेबांना खरोखरच काढलं! पूजेच्या वस्तूला न विचारता हात लावला, हे कारण. साहेब डबा घेऊन फाटकाबाहेर पडले, तेव्हा मी गॅसघराच्या दारातून पाहत होतो. पुढे त्यांनी अनेक कारखान्यांत नाव कमावलं. यवतमाळला आले की माझ्याकडे जेवल्याशिवाय गेले नाहीत, पण त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही.

साहेबांना आता पंचाहत्तरावं लागलं आहे. स्वतःच्या घरी लहान लेकरं असताना त्यांनी त्यांच्या तोंडचा घास माझ्या लेकरांना दिला, हे आठवलं की आजही गलबलून येतं. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. कमी पडलंच, तर देवाने माझ्या वाट्यातलं काढून त्यांना द्यावं.