आत्याचे पाच खडे

गेल्या चैत्रात आमच्या देवघरात पाणी आपोआप उकळलं, आणि चूल, गॅस, शेगडी यांचा त्यात काहीही हात नव्हता. हात माझा होता.

आमची आत्या आमच्याकडंच राहते आणि दरसाल येडाईच्या यात्रेला येरमाळ्याला जाते. तिथं चुना वेचायचा मान असतो. रानातले पांढरे चुनखडे वेचायचे अन् ढिगावर नेऊन टाकायचे. यंदा मात्र तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. दारात बसून ती रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या बघायची. शेवटी मला म्हणाली, "बापू, माझ्या नावानं तू वेच. ढिगावर टाक. अन् पाच खडे मला आण. निस्तं हातात धरीन. म्हातारी आली न्हाय म्हणून आई रुसली असंल रं."

तिचा आवाज असा झाला, की मी चहा अर्धा टाकून गाडी काढली.

तिथं पोचलो अन् माझं नेहमीचं झालं. हरवलो! (वाट नाही हरवलो. मी उभ्या जागी हरवतो, बायकोला विचारा.) उन्हात सगळं रान पांढरं, हलगी कुठंतरी लांब वाजतेय, वाकलेल्या बायका हळूहळू पुढं सरकतायत आणि कुणालाच कसली घाई नाही. वाटलं, इथंच राहावं आणि जन्मभर खडे वेचावेत. आत्याच्या नावाचे ढिगावर टाकले, पाच रुमालात बांधले अन् तरंगतच परत निघालो.

वाटेत एक दुकान दिसलं आणि आठवलं, घरामागच्या डाळिंबांच्या खोडांना लावायला कळीचा चुना हवाय. घेतला पिशवीभर. रुमाल अन् पिशवी दोन्ही डिक्कीत टाकलं. पुढं रस्ता होता. (आमच्याकडं 'रस्ता' म्हटलं की समोरच्यानं फार चौकशी करायची नसते.) धाराशिवला घरी येऊन डिक्की उघडली, तर रुमाल सुटलेला, पिशवी फाटलेली आणि आत सगळा पांढरा काला!

"अहो, आता यातले आत्यांचे कुठले?" सुनीतानं, म्हणजे बायकोनं, विचारलं.

"मी बी.एस्सी. आहे. केमिस्ट्री!"

"म्हणूनच विचारलं."

मी डोळे बारीक केले आणि सगळ्यांत पांढरे, सगळ्यांत देखणे पाच निवडले. देवीच्या रानातले असेच असणार! आत्यानं ते कपाळाला लावले आणि पदरात घेऊन बसली. उरलेला माल मी परसातल्या जुन्या रांजणात ओतला, वर पाणी सोडलं. चुना रटरटायला लागला. डाळिंबाच्या सावलीत मी बाजेवर आडवा झालो. ती रटरट ऐकता ऐकता डोळा लागला, आणि मी पुन्हा त्या पांढऱ्या रानात पोचलो. या खेपेला आत्यापण होती आणि तिचे गुडघे अजिबात दुखत नव्हते.

"बापू! आरं ऊठ! आई आली!"

धावत देवघरात गेलो. आत्यानं खडे ताम्हणात मांडून हळद वाहिली होती अन् वर पळी-पळीनं पाणी घातलं होतं. खडे तडतडत होते, फुगत होते, फुटत होते. पाणी खदखदत होतं. आणि पिवळी हळद लालभडक झाली होती! खिडकीतनं आलेल्या उन्हात वाफ सावकाश वर चालली होती. काय सांगू, इतकं सुंदर दिसत होतं की मीही हात जोडले. (बी.एस्सी. त्या क्षणी कुठं गेली होती, तिलाच ठाऊक.)

शेजारच्या कमलकाकू आल्या. "अगं बया! हळदीचं कुंकू झालं की!" त्यांच्या आवाजानं अर्धी गल्ली आली. कुणी टाळ्या वाजवत आरती सुरू केली, कुणी नारळाला पळालं. आत्या मात्र रडत होती. "रुसली न्हाय गं माझी आई. म्या गेले न्हाय, तर तीच आली!" माझेही डोळे भरून आले.

मग कमलकाकूंनी ओंजळ पुढं केली. "आत्याबाई, तीर्थ द्या."

आत्यानं पळी उचलली, आणि माझी केमिस्ट्री एकदम जागी झाली.

"थांबा! पिऊ नका! कळीचा चुना आहे तो! तोंड भाजंल, डोळ्यात उडंल!"

मी ताम्हणावर झडप घातली. तांबं चांगलंच तापलेलं! "आई गंऽऽ!" मी ओरडलो.

"बघा," कमलकाकू म्हणाल्या, "पापी माणसाला हात लावू देत न्हाय!"

सगळ्यांना मागं सारून मी डिक्कीची कथा सांगितली. आरती थांबली. नारळवाला नारळ काखेत मारून परत गेला. आत्या एवढंच म्हणाली, "म्हंजे आई आली न्हाय व्हय?"

त्यापेक्षा तिनं मला थोबाडीत मारायला हवी होती. फार वाईट वाटलं. मी परसात पळालो अन् काठीनं रांजण ढवळू लागलो. सगळा चुना फुटून लोण्यासारखा झालेला. तळाशी मात्र खट्ट वाजलं! लांब दांड्याच्या पळीनं खडे काढले, धुतले, आत्यापुढं धरले. पाचच्या पाच.

"आत्या, हे तुमचे. बाकी सगळं उकळलं, फुटलं. हे जसेच्या तसे."

"एवढ्या आगीत?"

"एवढ्या आगीत."

तिनं ते मुठीत घट्ट धरले. हळूहळू हसू फुटलं. "मग आलीच की रं! ताम्हणात न्हाय, रांजणात आली हुती!" जरा वेळानं म्हणाली, "पर दिसाया सारखेच. मग ते का भडकले?"

"ते भट्टीत भाजलेले असतात. रानातला खडा गप्प असतो. भाजून त्याची कळी झाली, की पाणी दिसताच भडकते. भडकून निवली, की मऊ. मग पानाला लावून खा."

"म्हंजे आमच्या मालकांवाणी. लग्नाआधी गप्प, मग भडका, म्हातारपणी लोणी."

खडे देवघरात बसले, आत्या खुशीत आहे. मात्र तेव्हापासून मी आणलेली पांढरी वस्तू ती पाणी टाकून तपासल्याशिवाय घरात घेत नाही. खडीसाखर तपासली, तुरटी तपासली. परवा मी नवा पांढरा सदरा घालून दारात आलो, तर डोक्यावर तांब्याभर पाणी!

"आत्या! हे काय?"

"काय न्हाय," ती शांतपणे म्हणाली, "बी.एस्सी. उकळती का बघत हुते."