साडूभाऊंची मशीनं

युसूफ वडगावात लाकडाची अशी एकही वस्तू नसेल, जिच्यावर आमच्या साडूभाऊंनी एकदा तरी मशीन चालवून पाहिलेलं नाही. दार, खिडकी, पाट, बाज, खुंटी, कशालाच त्यांनी सोडलं नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. परळीच्या थर्मलमध्ये टर्बाइनच्या सोबतीनं नोकरी झाली, पोरं पुण्याला लागली, आणि निवृत्त होऊन गावी परतलेल्या या उंचाड्या माणसाला सुतारकामाचा नाद लागला. नाद कसला, खूळच ते. आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी खिळा सरळ ठोकल्याचं ऐकिवात नाही. पण साडूभाऊंना खिळा ठोकायचाच नव्हता. त्यांना बटण दाबायचं होतं. हातानं रंधा मारणं त्यांना कमीपणाचं वाटे. "जल्मभर लोकांसाठी लाईट तयार केली साडूभाऊ, आता आमाला जरा वापरू द्या की," असं मलाच ऐकवत. मीही त्यांना साडूभाऊच म्हणायचो, त्यामुळे आमचं बोलणं परक्या माणसाला एकाच माणसाचं वाटे.

मशीन ते आवाजावरून घेत. मी अंबाजोगाईला राहतो, त्यामुळे तिथल्या दुकानात सोबत जाण्याचं भाग्य नेहमी माझ्या वाट्याला यायचं. दुकानदारानं ड्रिल मशीन पुढं केलं की ते हातात न घेता "चालू करा" म्हणायचे आणि डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. मागचं गिऱ्हाईक खोळंबलेलं असे, मला घाम फुटलेला असे. मग डोळे उघडून निकाल लागे, "आत कायतरी घरघरतंय. दुसरं दाखवा." एकदा एका मशीनच्या आवाजावर ते इतके भाळले, की ते कशाचं आहे हे न विचारताच घेऊन आले. घरी खोकं उघडल्यावर कळलं, ते धूळ उडवायचं होतं. ते वाया जाऊ देतील तर साडूभाऊ कसले? अंगणातला सगळा भुसा त्यांनी एका दमात उडवला आणि तो पलीकडच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन बसला. काकूंनी कितीतरी दिवस अबोला धरला. त्या कुरडया साडूभाऊंना विकत घ्याव्या लागल्या, आणि त्या वर्षी आमच्या घरी कुरडयांचा मोठा डबा भेट म्हणून आला.

स्वयंपाकघराचं दार पावसाळ्यात फुगून अडकायचं. साडूभाऊंनी त्याला रंधा मशीन लावलं, आणि आवाज गोड लागला म्हणून लावतच राहिले. उन्हाळ्यात त्या दाराची कडी कोयंड्यापर्यंत पोचेना. मांजर दार बंद असतानाही फटीतून ये-जा करू लागलं. अक्का शांतपणे म्हणाल्या, "आता चौकट बी तासा, म्हंजी म्हैस आत येईल." साडूभाऊंनी खरंच चौकटीकडं एकदा निरखून पाहिलं.

पण खरी मजा खंडेनवमीची. त्या दिवशी हत्यारांची पूजा. साडूभाऊंनी पाटावर नवं वस्त्र अंथरून सगळी मशीनं ओळीनं मांडली होती. हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढं नारळ. लाईट गेलेली होती. आता आमच्याकडची रीत अशी, की लाईट आल्याचं कळावं म्हणून एखादं बटण चालूच ठेवायचं. दुसरी माणसं दिव्याचं ठेवतात. साडूभाऊंनी लाकूड घासायच्या मशीनचं ठेवलं होतं, आणि वर ते पूजेतही मांडलं होतं, वायरीसकट. आरती रंगात आली आणि लाईटही आली. मशीन थरथरलं, पाटावरून उतरलं आणि गळ्यात माळ घेऊन नारळाला ढकलत आमच्याकडं निघालं. मी खुर्चीवर चढलो. अक्कांनी मात्र डोळे मिटून हात जोडले, "आई, चूक झाली असंल तर पदरात घे." साडूभाऊ आरती न थांबवता मशीनच्या मागं पळत होते. हसून हसून आमच्या बरगड्या दुखल्या. ते घर तेव्हा किती भरलेलं वाटायचं!

मग अक्कांचे गुडघे गेले. खाली बसायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. अक्कांचा सगळा संसार जमिनीवरचा. काठवटीत पीठ मळायचं, तिथंच भाकरी थापायची, अंगाचा भार हातावर देऊन. ओट्यापाशी उभ्यानं त्यांना ते जमेना. पुतण्याच्या घरून डबा येऊ लागला. जेवण चांगलं असे, पण अक्कांचं बोलणंच आटलं. एवढी थट्टेखोर बाई, भिंतीला टेकून नुसती बसून राहायची. मला म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातचं खायची येळ आली बघा. आता मी कशापायी हाय ह्या घरात?" साडूभाऊ बाहेर ऐकत होते. त्या दिवशी कुठलंच मशीन चालू झालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्कांना स्टुलावर बसवलं आणि समोर विटा रचून त्यावर काठवट ठेवली. "थाप." अक्कांनी थापली. "जोर बसंना." एक वीट काढली. "आता लई खाली गेलं." फरशीचा तुकडा घातला. असं चाललं, ते अक्का "हां, आता बसतोय" म्हणेपर्यंत. मग त्या मापाचं एक मेज आणि पाठ असलेली बैठक त्यांनी कडुलिंबाच्या लाकडातून केली. काठवट सरकू नये म्हणून मेजावर गोल खाच कोरली, कडा हाताला बोचू नयेत म्हणून गुळगुळीत केल्या. साडूभाऊंच्या हातून पहिल्यांदाच एक वस्तू पुरी झाली आणि बरोबर झाली. अक्कांनी पहिली भाकरी तव्यावर टाकली तेव्हा ते ओसरीवर तोंड फिरवून बसले होते. अक्का आतून ओरडल्या, "रडायला काय झालं? जेवायला या!" पुढं त्या होत्या तोवर त्या घरात दुसऱ्याचा डबा आला नाही.

अक्का जाऊन आता वर्ष होत आलं. पोरं पुण्याला बोलावतात. साडूभाऊ जात नाहीत. परवा गेलो तर ते त्याच बैठकीवर बसून भाकरी थापत होते. एवढा उंच माणूस, पाठ पार वाकलेली, गुडघे मेजाच्या फळीला अडलेले. मला राहवलं नाही. म्हटलं, "साडूभाऊ, घरात इतकी मशीनं आहेत. पायांखाली चार ठोकळे बसवा की, उंच होईल."

त्यांनी पिठाचा हात थांबवला. "त्याला काय करायचं न्हाई," म्हणाले, "गुडघं लागतेत फळीला, लागू द्या. ती बसायची तवा न्हाई लागायचं."