दुसऱ्याची सुई माझ्या दंडात

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात खाटेवर पडून होतो, अन् मोठा डॉक्टर माझ्या बायकोले म्हणत होता, "घे ना आजी, नाव घे. लग्नात घेतलं असशील ना? उखाण्यात घे."

सोबतची शिकाऊ पोरंपोरी हसली. बुढीनं पदर तोंडात धरला.

झालं होतं असं. माझं हर्नियाचं ऑपरेशन. बाजूच्या खाटेवर माझ्याच वयाचा बुढा, शुगरवाला. आदल्या दिवशी तो संडासले गेला अन् तेवढ्यात सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. बुढीले विचारलं, "बाबाचं नाव काय?" आमच्या मोहाडीकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ती लाजून म्हणाली, "आमचेच हायेत हे." सिस्टर घाईत, तिले वाटलं हाच तो शुगरवाला. सुई माझ्या दंडात. शुगरची, त्या बुढ्याची. थोड्या वेळानं अंगाले पाणी सुटलं. हात लटलट. डोळ्यांपुढं अंधारी. बुढी ओरडली म्हणून लोक धावले. ग्लुकोज लावलं. वाचलो.

मोठ्या डॉक्टरचा तेव्हा अभ्यास चालू होता. दवाखान्यात पेशंटले धोका कुठून होते, चुका कशा टाळाच्या, त्याचा. तो पोरांना म्हणाला, "बघा, धोका म्हणजे हा. सिस्टर नाही, औषध नाही. ही अडाणी माणसं."

बोट माझ्याकडे. नजर पोरांकडे.

मले लाज वाटली. ऑपरेशनले परक्यांपुढं नागवा झालो तेव्हाही एवढी वाटली नव्हती. जिनं माझा मान म्हणून जन्मभर माझं नाव उच्चारलं नाही, तिले माझ्याच नावावरून भर वार्डात नाचवून राहिले होते. अन् मी छताकडे पाहून राहिलो होतो. शिक्षण तिसरी. डॉक्टरपुढं तोंड उघडेना.

बुढी हळूच म्हणाली, "माझीच चूक झाली जी."

"लिहून घ्या," डॉक्टर पोरांना म्हणाला. "चूक नातेवाइकाची."

"थांबा!" माझा आवाज फाटला. "मी जागाच होतो. मले काहून नाही विचारलं?"

"काय म्हणता?"

"जीभ हाय मले. माझं नाव मले येते. बाजारात बैलाचं वय मालकाले विचारतेत, तसं माझ्या अंगावरून तिले विचारलं. बैल हावो का मी?"

कोणी हसलं नाही. "आराम करा आजोबा," म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेला. लिहिलेलं खोडलं का, मले माहीत नाही.

बुढी घाबरली. "कायले बोलले जी तोंड वर करून? आता नीट सुई तरी देतीन का?"

"देतीन. न देऊन जातेत कुठं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ट्रे घेऊन आली. बुढीकडेच वळली. मी हात चादरीखाली ओढला.

"इकडं पाहा बाई. मले विचारा."

तिनं विचारलं. मी माझं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव सांगितलं. वार्डातल्या शेवटच्या खाटेले ऐकू जाईल असं.

"आता हे औषध कायचं, ते तुम्ही सांगा."

तिनं सांगेपर्यंत मी हात बाहेर काढला नाही.