वीसही तास अभ्यास

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की ताईचा संघ एवढा का हरतोय. गेल्या सीझनला तुमच्या लीगमध्ये कप जिंकलेला संघ, आणि यंदा एकही सामना जिंकत नाही. ताई कॉलवर आली नाही, तुमचे आबा दाढी खाजवत बसले आणि मी तुम्हाला तिकडच्या बर्फाबद्दल विचारलं. अर्धवट उत्तरं मला आवडत नाहीत, म्हणून आता सगळं क्रमाने लिहिते. तुमच्या आईकडून वाचून घ्या. तुमचं मराठी अजून जोडाक्षरांपाशी अडतं.

मोबाइलवरचा हा खेळ या घरात तुम्हीच आणलात. तुमच्या आईने तो कधी खेळलेला नाही, तेव्हा तिच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे कोच. कॉलेज खोटं, मुलं खोटी, चेहरे चित्रातले. प्रत्येक मुलाला आठवड्याचे वीस तास मिळतात, ते अभ्यास, सराव आणि विश्रांती यांत कोचने वाटायचे. सराव वाढवला की मुलगा तयार होतो आणि मार्क घसरतात. अभ्यास वाढवला की मार्क येतात आणि सामन्यात त्याच्या हातून चेंडू सुटतो. सत्राच्या शेवटी जो नापास होईल तो बाकावर बसतो.

इथला संघ ताईच्या मोबाइलवर होता. आबांना इंग्रजी येत नाही, पण त्यांना या खेळाची अशी गोडी लागली की पेपर येण्याआधी ते खेळाचा निकाल विचारत. माझं शिक्षण बडोद्याला इंग्रजीत झालं. लग्न होऊन तापीकाठच्या या गावात आल्यावर शहाद्याच्या शाळेत मी ती भाषा शिकवली. आता सकाळच्या चहाला आबांना खेळातले निरोप मराठी करून सांगते.

ताई खरी कशी खेळते हे तुम्ही पाहिलेलं नाही. ती कबड्डीत डाव्या कोपऱ्यात उभी राहते. समोरची मुलगी चढाईला आली आणि तिने पाय लांब टाकला की तिचा घोटा धरायचा, हे ताईचं काम. एकदा धरला की सोडत नाही. विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सत्रात तिची केमिस्ट्री राहिली होती. त्याच हिवाळ्यात विद्यापीठाच्या संघासाठी तिची निवड झाली. आधी जळगावला शिबिर होतं, आणि शिबिर ऐन प्रॅक्टिकलच्या तयारीत येत होतं.

आपल्या घरात परवानगी मागायची एक पद्धत आहे. विचारायचं बापाला आणि बघायचं आबांकडे. तिने बापाला, म्हणजे तुमच्या काकाला, जेवताना विचारलं. त्यानेही आबांकडेच बघितलं.

"केमिस्ट्री राही गई ना तुन्ही?" आबा म्हणाले.

"यंदा निंघी जाई. दोन्ही करसू मी."

"दोन्ही व्हत नही."

"व्हस ना, आबा. तुमी रोज सकाळी काय दखतस मग? त्या पोऱ्या दोन्हीच करतस."

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मंग दाखाड. एक सीझन. संघमा कोनी नापास नको, नि कप आन. मंग जाय तुन्हा शिबिरले."

मला हे चमत्कारिक वाटलं. पण या गावात बैलजोडीच्या शर्यतीवरून बांधाचे वाद मिटलेले मी पाहिले आहेत, त्यापेक्षा हे वाईट नव्हतं. सीझन संपायचा होता शिबिराच्या आधी.

ताईने सुरुवात सरळपणे केली. सगळ्यांना सारखे तास. जो अभ्यासात कच्चा त्याला थोडा जास्त अभ्यास, जो खेळात कच्चा त्याला थोडा जास्त सराव. त्यात एक पोरगा होता, पुढच्या दातांत फट असलेला. तो दोन्हीत कच्चा. ताई त्याच्यावर फार वेळ घालवी. पहिल्या चाचणीत तो काठावर पास झाला, तेव्हा मोबाइल माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "निघाला बघ, आजी." स्वतःची केमिस्ट्री सुटल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. संघ एक सामना जिंके, एक हरे. तरी हळूहळू सगळेच थोडे थोडे वर येत होते. मी शाळेत पंचवीस वर्षं शिकवलं आहे. असा वर्ग मला दिला असता तर मी समाधानी असते.

आबा नव्हते. "तुन्हा हाऊ संघ शे का धरमशाळा?" ते रोज विचारत. एका सकाळी त्यांनी तिला केळीत नेलं. मी पाण्याची बाटली घेऊन मागे होते.

केळीची पिलं काढताना तुम्ही पाहिली आहेत. मोठ्या झाडाच्या बुडातून चारी बाजूंनी लहान कोंब येतात. ते वाढू दिले तर खत-पाणी तेच पितात आणि घड बारीक पडतो. म्हणून विळ्याने जमिनीलगत कापायचे. पुन्हा आले की पुन्हा कापायचे. पुढच्या पिकासाठी तेवढं एकच ठेवायचं. तुम्ही इथे होतात तेव्हा धाकट्याने रडून एक कापलेलं पिल घरी आणलं होतं आणि मी ते कुंडीत लावलं होतं. तुमचं विमान उडालं तोवर ते उकिरड्यावर गेलं होतं. नाहीतरी जगणार नव्हतं.

आबांनी ताईच्या हातात विळा दिला. "तो फटना दातवाला पोऱ्या पिल शे. मायना घडनं पाणी पी ऱ्हायना. तू त्याले गोंजारी ऱ्हायनी."

"पण नापास व्हयना नही तो."

"व्हई. त्यानी वाट का दखतीस? परीक्षाना पहिले काढी टाक. संघमा नही तो नापासबी नही."

ताई शेतातच वाढलेली. तिने खाली वाकून तीनचार पिलं सपासप कापली आणि विळा पुसून परत दिला. घरी आल्यावर पायही न धुता ओट्यावर बसली आणि फटीच्या दातांच्या मुलाला संघातून काढलं. स्क्रीनवर निरोप आला. आबांनी विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं: त्याने वसतिगृहातली खोली रिकामी केली. जाताना त्याने कोचचे आभार मानले.

"आभार मानात?" आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "गुणी पोऱ्या व्हता."

ताई हसली नाही. ती पुढचं नाव शोधत होती.

मग रोज एक निरोप. कुणी आईवडिलांबरोबर गेला, कुणी दुसऱ्या लहान कॉलेजात गेला, एकाने उत्तरच दिलं नाही. सगळे निरोप मी सकाळच्या चहाबरोबर आबांना मराठीत दिले. संघ निम्मा झाला, यापेक्षा कमी करू नका अशी सूचना आली, तेव्हा ताई थांबली. उरलेल्यांत एक उंच मुलगा होता. कोचचं सगळं लक्ष आणि सगळे चांगले सामने त्याच्या वाट्याला गेले. पास होण्यापुरता अभ्यास, बाकी सराव. तो घड धरल्यासारखा वाढला. परीक्षेत कुणीही नापास झालं नाही, कारण नापास होऊ शकणारं कुणी उरलंच नव्हतं. अंतिम सामना तुम्ही तिकडून पाहिलात आणि ताईच्या नावाने ओरडलात. इथे आबांनी दोन्ही हात वर केले होते. तुमच्या कुणाच्या बारशालाही त्यांनी इतका आनंद दाखवल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईने बूट धुऊन कुंपणावर वाळत घातले. बॅग भरून दाराशी ठेवली. दुपारी पानं वाढल्यावर तिने विचारलं, आणि या वेळी बापाकडे न बघता थेट विचारलं.

"आबा, उद्या निंघू ना?"

आबा वरण कालवत होते. "कोनी नापास व्हयना का?"

"कोनीच नही."

"कप?"

"आना ना."

"बेस. सुरुवातले कितला पोऱ्या व्हतात?"

ताईने आकडा सांगितला.

"अर्धा काढात तू. का बरं काढात?"

मला वाटतं, प्रश्न कुठे चाललाय हे तिला दिसलं होतं आणि दुसरं उत्तर तिला सापडलं नाही. ती खोटं बोलत नाही, ही माझी शिकवण.

"दोन्ही जमत नव्हतं त्यासले," ती म्हणाली.

"मंग?" आबा म्हणाले, आणि त्यांनी ताक मागितलं.

तुमचा काका जेवत राहिला. तुमच्या काकूने ताक वाढलं, मग उठून दाराशी गेली आणि बॅग आत घेतली. ताई ताट संपवून उठली. ताटात काही टाकायचं नाही, हा नियम तिने त्या दिवशीही मोडला नाही.

दुपारी मी आबांना विचारलं, "तुम्ही हे मुद्दाम शिकवलंत का तिला?"

"मी फक्त पिल काढानं शिकाडं," ते म्हणाले. "इळा तिनी मारा."

शिबिराला तिच्या जागी म्हसावदची एक मुलगी गेली. चांगली मुलगी आहे, ताईइतकी मजबूत नाही. तिचा ताईला मेसेज आला. तिने मनापासून आभार मानले होते. ताईने तो मला वाचायला दिला. मराठीत होता, मला काही काम नव्हतं.

केमिस्ट्री सुटली, आणि उत्तम मार्कांनी सुटली. आबांनी गल्लीत पेढे वाटले. ज्याला त्याला सांगत होते, माझ्यामुळे सुटली. ते खरंही आहे, त्यामुळे कुणाला काही बोलता येत नाही.

मग लीगचा नवा सीझन सुरू झाला. ताईने उरलेल्या मुलांच्या नावांपुढे तास भरले. वीसही तास अभ्यास. प्रत्येकाला. सराव शून्य, विश्रांती शून्य. तेव्हापासून तिने त्या आकड्यांना हात लावलेला नाही. ती रोज सकाळी मोबाइल माझ्या हातात देते आणि वेणी घालायला जाते. मी निरोप वाचते आणि आबा ऐकतात.

संघ दुपटीहून जास्त गुणांनी हरला. सर्व खेळाडू परीक्षेत उत्तीर्ण. प्राचार्यांनी कोचचं अभिनंदन केलं आहे. उंच मुलाचे खेळातले गुण आठवड्यागणिक खाली येतात. आता त्याला जवळून टाकलेला चेंडूही जाळीत घालता येत नाही. गणितात तो पहिला आहे. एका निरोपात लिहिलं होतं, की तो संध्याकाळी मैदानाच्या कुंपणापाशी उभा दिसतो. मी तोही सांगितला. मी एक शब्द गाळत नाही, घालतही नाही.

आबांनी सुरुवातीला मोबाइल मागून पाहिला. तो ताईच्या बोटाशिवाय उघडत नाही. तुमच्या काकाला सांगून पाहिलं. त्याने सांगितलं, हा आबा आणि ताई या दोघांचा मामला आहे. मग काही दिवस ते चहाला बसलेच नाहीत, केळीत निघून गेले. पण निकाल ऐकल्याशिवाय त्यांना राहवत नाही. बांधावरून फोन करून मला विचारत, मी सांगत असे. आता पुन्हा घरीच बसतात.

आज सकाळी त्यांनी तोंड उघडलं. ताई दप्तर घेऊन शहाद्याच्या बसला निघाली होती.

"माय," ते म्हणाले. असं ते तिला ती लहान असताना म्हणत. "एक तास दे ना. बाकीना ऱ्हाऊ दे. त्या उंचले तरी."

"त्याना अभ्यास चालू शे, आबा."

"मालूम शे. एकच तास. हातपाय आखडी गयात व्हतीन त्याना."

ताईने चप्पल घातली. "दोन्ही व्हत नही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, रागही नव्हता. मोबाइल उचलून ती निघून गेली.

मग आबांनी मला विचारलं, पुढचा सामना कोणाशी आहे. मी ते आधीच पाहून ठेवलं होतं. रविवारी तुमच्या संघाशी आहे. तुम्ही मोठ्या फरकाने जिंकाल. जिंका, आणि नंतर कॉल लावा. आबा समोरच बसलेले असतील.