मावशींच्या गच्चीवरचं आभाळ

आमच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्या मावशी विमानाकडे कधी मान वर करून बघत नाहीत. घर धावपट्टीच्या कुंपणाला लागूनच. विमान उतरायला लागलं की बोलता बोलता तोंड मिटायचं, ते गेलं की अर्धवट राहिलेली शिवी तिथूनच पुढे चालू. दवाखान्याच्या चादरी धुऊन त्यांनी मुलीला वाढवलं, गच्चीवर इस्त्रीसाठी खोली बांधली. त्या खोलीत आता मुलगी इस्त्री करत उभी असते.

तीच खोली पाडायची नोटीस आली. विमानतळाच्या कचेरीचं म्हणणं, घर विमानाच्या वाटेत येतं, ठरलेल्या उंचीच्या वर गेलंय. खोली गेली की इस्त्री गेली, आणि चुरगळलेल्या चादरी कुठला दवाखाना घेणार?

नोटीस वाचून माझं डोकंच फिरलं. कायद्याची पुस्तकं मी रद्दीतून आणून वाचलीत. अंगावर काळा कोट नसला तरी कुणाच्या बापाला भीत नाही. मावशींना समजावलं, की पूर्वी जमीन ज्याची, त्याचंच वरचं आभाळ धरायचे. विमानं आली आणि कायद्याने त्याला कात्री लावली. आता मालकाला रोजच्या वापरापुरतंच आभाळ. पण तेवढं तरी तुमचं आहे, आणि ते मी भांडून मिळवणार.

"मग चंद्रावरचीही थोडी जागा बघ," मावशी म्हणाल्या. "वाळत घालायला बरी पडेल."

चंद्रावर कुठल्याच देशाला मालकी सांगता येत नाही, हेही मी तावातावाने ऐकवलं. मुलगी म्हणाली, दादा, आधी आमची खोली वाचवा.

खोली बघायला वर गेलो. गच्चीवर पाऊल टाकतोय तोच ओली चादर सपकन तोंडावर बसली. मावशी ओशाळल्या. "थांब रे, वर घेते," म्हणत त्यांनी कप्पीचा दोर ओढला. चादरींसकट वाळत घालायच्या लोखंडी नळ्या सरसर वर गेल्या, खोलीच्या छपराच्याही वर. आल्यागेल्याला अशीच वाट करून द्यायची त्यांची रीत.

मी जागीच थबकलो. मोजणीवाले आले तेव्हाही असंच केलं होतं का?

"मग? त्यांच्या तोंडावर ओली चादर मारू? पार टोकाला चढवल्या."

हसावं की कपाळ बडवावं, कळेना. बाईने मान राखायला घर उंच करून दाखवलं, आणि त्या शहाण्यांनी नळ्यांचं टोक तेच घराचं टोक म्हणून मोजून नेलं.

सुनावणीला मी टेबलावर मूठ आपटलीच. साहेबांनी आवाज खाली घ्यायला सांगितला. तेव्हा मावशी मधे पडल्या.

"आवाजही खाली येतो साहेब, नळ्याही खाली येतात. पुन्हा मोजायला या. फक्त या खेपेला वाकून या."

साहेब हसले. मोजणीवाले पुन्हा आले, चादरींखालून वाकत गेले, आणि खोली मर्यादेत बसली. अट एवढीच, की नळ्या छपराच्या वर जाता कामा नयेत आणि छपरावर लाल दिवा लावायचा. दिव्यावरूनही मी भांडणार होतो. मावशींनी कोपराने ढोसलं.

नळ्या त्यांनी खालीच बांधून टाकल्या. आता गच्चीवर जो तो वाकून जातो, मीसुद्धा. दिवा लावला त्या संध्याकाळी मुलीने बटण दाबलं, तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. मावशींनी चक्क मान वर केली आणि ते उतरेपर्यंत बघत राहिल्या.

"दिसलो वाटतं आपण त्याला," म्हणाल्या, आणि खोलीत जाऊन इस्त्री तापत ठेवली.